कपाळावरच्या पट्टीला काय विचारावे

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक घेऊन आलेल्या एका स्नेह्यांनी काही दिवसांपूर्वी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून मला विचारले, “हे मेंदूच्या ऑक्सिजनचे सेन्सर म्हणजे नेमके काय, आणि ते नको म्हटले तर चालेल का?” रक्कम काही हजारांची होती. लाखांच्या बेरजेत ती सहज मिसळून गेली असती, पण हे गृहस्थ आयुष्यभर बँकेत हिशेब तपासत आलेले. रुग्णालयातील समुपदेशकाने त्यांना सांगितले होते की, या सेन्सरमुळे भुलेच्या काळात मेंदूवर सतत लक्ष राहते आणि म्हणून शस्त्रक्रियेनंतर स्मरणशक्तीला धक्का लागत नाही. या वाक्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे; उत्तरार्ध आज कोणालाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. भूल देण्याच्या कामात माझी पस्तीस वर्षे गेली. हे यंत्र मी वापरले आहे, काही शस्त्रक्रियांत त्याच्यावाचून हात बांधल्यासारखे वाटेल हेही मला मान्य आहे. तरीही ते सर्व शस्त्रक्रियागृहांत सक्तीचे करावे, किंवा रुग्णाला मेंदूचे कवच म्हणून विकावे, याला माझा विरोध आहे, आणि तो खर्चापुरता नाही.

यंत्रामागची कल्पना सोपी आणि देखणी आहे. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लालभडक दिसतात, कारण तांबडा प्रकाश मांसातून बऱ्यापैकी पार जातो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्वचाच काय, हाडही ओलांडतो. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान शरीरातले पाणी हा प्रकाश फारसा अडवत नाही. अडवते ते मुख्यतः रक्तातले हिमोग्लोबिन, आणि ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन व ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन त्याला वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. या फरकाचा उपयोग करून कवटी न उघडता मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले. आज शस्त्रक्रियागृहात वापरतात ती यंत्रे याच कल्पनेची अपत्ये आहेत. कपाळाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिकटपट्टी लावतात; तिच्यात प्रकाश टाकणारा एक दिवा आणि त्याच्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर परत आलेला प्रकाश टिपणारे दोन डोळे असतात. जवळचा डोळा मुख्यतः त्वचा आणि हाडातून आलेला प्रकाश पाहतो, दूरचा डोळा थोडा अधिक खोलातला. दोघांची वजाबाकी केली की उरतो तो मेंदूचा, असे यंत्र धरून चालते. पडद्यावर डावी-उजवीकडचा एकेक आकडा दिसतो: तिथल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांनी ऑक्सिजन घेतलेला आहे याचा. निरोगी माणसात तो साधारण ६० ते ७५ टक्के असतो, आणि भुलेपूर्वीच्या स्वतःच्याच आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांहून अधिक घसरला किंवा ५० च्या खाली गेला, तर काहीतरी बिघडते आहे असे मानण्याचा प्रघात आहे.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर करोनाकाळात घरोघरी पोहोचला, त्यामुळे हे त्याचेच मेंदूसाठीचे भावंड आहे असे वाचकाला वाटेल. दोघांचे मूळ एक आहे, पण स्वभावात मोठा फरक आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये जी युक्ती शोधली, ती अशी की, बोटातून जाणाऱ्या प्रकाशात नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा चढउतार होतो तेवढाच मोजावा. ठोक्याबरोबर हलते ते धमनीतले रक्त. त्वचा, हाड, शिरेतले रक्त यांपैकी जे काही स्थिर आहे ते आपोआप बाजूला पडते. त्यामुळे तो आकडा नेमका कशाचा हे ठाऊक असते आणि धमनीतून रक्त काढून तो केव्हाही पडताळता येतो. मेंदूचा ऑक्सिमीटर नाडी शोधतच नाही. त्याला धमन्या, केशवाहिन्या आणि शिरा यांतले सगळे रक्त एकत्र दिसते, आणि त्या मिश्रणात शिरांचा वाटा सुमारे ७० ते ७५ टक्के असतो असे गृहीत धरून तो आकडा काढतो. हे प्रमाण एका कंपनीच्या यंत्रात एक, तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात दुसरे धरलेले असते. प्रत्यक्ष माणसात ते प्रत्येकाचे वेगळे, आणि एकाच माणसात रक्तदाब बदलला की बदलणारे. म्हणजे पट्टीखालच्या दोन सेंटिमीटर खोलीच्या त्या लहानशा भागातल्या रक्ताची खरी सरासरी कोणती, हे ताडून पाहायला दुसरे कोणतेही माप आपल्याकडे नाही. हृदय-फुप्फुस यंत्रावर असताना नाडीच नसते, तेव्हाही हे यंत्र चालते, हा त्याचा मोठा गुण. पण ज्या गुणामुळे ते तेव्हा चालते, त्याच गुणामुळे त्याच्या आकड्याला पक्का आधार उरत नाही.

हा आधार किती कच्चा आहे हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रियन अभ्यासाने काहीशा भयंकर पद्धतीने दाखवून दिले. संशोधकांनी त्या काळच्या यंत्राची पट्टी अठरा मृतदेहांच्या कपाळाला लावली. यंत्राने शून्य दाखवले नाही, चूकही दाखवली नाही. सरासरी आकडा आला ५१, आणि अठरांपैकी सहा मृतांचा आकडा निरोगी जिवंत माणसांतल्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा जास्त होता. शवविच्छेदनात मेंदू काढून घेतल्यावरही काही कवट्यांवर यंत्राने जिवंत माणसाला शोभेल असा आकडा दाखवला. यंत्राच्या समर्थकांनी तेव्हाच उत्तर दिले की, मेलेल्या मेंदूने ऑक्सिजन वापरणेच थांबवलेले असते, रक्त जागच्या जागी साकळते, त्यामुळे त्यातला ऑक्सिजन शिल्लक राहू शकतो. हे उत्तर चुकीचे नाही, आणि तेव्हापासून यंत्रेही सुधारली आहेत. पण त्या उत्तरातच माझ्या दृष्टीने खरी गोष्ट दडलेली आहे: आकडा ऑक्सिजनच्या पुरवठ्याचाही नाही आणि वापराचाही नाही, तो दोघांमधल्या शिल्लकेचा आहे. बँकेच्या खात्यात पैसे आहेत म्हणजे घरात अन्न शिजते आहे, असे म्हणता येत नाही. माझ्या स्नेह्यांना हा दृष्टान्त लगेच पटला.

त्वचेचा गोंधळ वजाबाकीने सुटतो, हा दावाही पूर्णपणे टिकलेला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या डोक्याभोवती हवेचा पट्टा आवळून फक्त टाळूचा रक्तपुरवठा तोडला गेला. मेंदूला कशाचाही स्पर्श झाला नव्हता. तरीही बाजारातल्या तीन यंत्रांचे आकडे घसरले, एकाचा जवळजवळ सतरा टक्क्यांनी, दुसऱ्याचा बारा, तिसऱ्याचा सात. आता शस्त्रक्रियागृहात काय होते ते पाहा. रक्तदाब पडला की भूलतज्ज्ञ फेनिलेफ्रिनसारखे औषध देतो, ते त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढतो आणि कपाळावरचा आकडा उतरतो. हा उतार मेंदूचा आहे की कातडीचा, हे पडदा सांगत नाही. रक्तदाबाचा आकडा सुधारला म्हणून समाधान मानावे की मेंदूचा आकडा पडला म्हणून घाबरावे, हा पेच नवख्या भूलतज्ज्ञाला अपरात्री सोडवायला लावणे म्हणजे त्याला मदत करणे नव्हे.

आणि कपाळ कोणाचे, हाही प्रश्न आहेच. करोनाच्या साथीत, डिसेंबर २०२० मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकेतील आकडेवारी छापली, तिच्यावरून दिसले की बोटाचा पल्स ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के असा समाधानकारक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात धमनीतला ऑक्सिजन धोकादायक पातळीला गेलेला असणे, हे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडले, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. मेंदूच्या ऑक्सिमीटरमध्ये त्वचेच्या रंगाची चूक उलट्या दिशेने होते: गडद त्वचेच्या स्वयंसेवकांवर पाच यंत्रांची चाचणी घेतली असता आकडे खऱ्याहून कमी येण्याकडे कल दिसला. कावीळ झालेल्या रुग्णांतही आकडा असाच अकारण खाली जातो. बोटावरची चूक धोका लपवते, तर कपाळावरची चूक नसलेला धोका दाखवते, आणि न लागणारे रक्त किंवा रक्तदाबाचे औषध त्यापायी दिले जाऊ शकते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पट्टी लावण्यापूर्वी कुंकू, गंध, टिकली पुसून घेता येते. पण ग्रामीण महाराष्ट्रातल्या वयस्क बायकांच्या कपाळावरचे गोंदण पुसता येत नाही, आणि काजळीच्या काळ्या रंगातला कार्बन नेमका हाच प्रकाश गिळतो. पट्टी कपाळाच्या कडेला सरकवली तर केसांशी गाठ पडते. ही यंत्रे ज्यांनी घडवली आणि तपासली, त्यांच्या डोळ्यांसमोर ही कपाळे नव्हती.

इतके असूनही आकडा घसरल्याबरोबर उपाय केल्याने रुग्णांचे भले होते असे सिद्ध झाले असते, तर मी हे सगळे आक्षेप गुंडाळून ठेवले असते. कॅनडात २००७ मध्ये बायपासच्या २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीने अशी आशा निर्माण केली होती: ज्यांच्या आकड्याकडे पाहून उपाय केले गेले, त्यांच्यात अवयवांना गंभीर इजा किंवा मृत्यू कमी झाले. त्यानंतरच्या चाचण्यांत मात्र ही आशा विरत गेली. २०१८ मध्ये कॉक्रेन या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र मांडल्या. पक्षाघात, भ्रम, स्मरणशक्ती, मृत्यू, यांपैकी कशावर या यंत्राचा नक्की परिणाम होतो असे तिला म्हणता आले नाही. २०२३ मध्ये अगदी अपुऱ्या दिवसांच्या १,६०१ बाळांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ती भुलेची नव्हती, नवजात अतिदक्षता कक्षातली होती, पण यंत्र तेच आणि तत्त्वही तेच. पहिले तीन दिवस मेंदूचा ऑक्सिजन पाहून उपचार केलेल्या बाळांत मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा ३५.२ टक्के, नेहमीची काळजी घेतलेल्या बाळांत ३४ टक्के.

समुपदेशकाने ज्या स्मरणशक्तीचा हवाला दिला, तिच्याविषयी तर अधिक जुना आणि अधिक रोचक पुरावा आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने साठीपुढच्या १,२१८ रुग्णांचा अभ्यास छापला. हृदयाच्या नव्हे, इतर मोठ्या शस्त्रक्रियांचे हे रुग्ण होते. आठवड्यानंतर त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्शाची आणि तीन महिन्यांनंतर सुमारे दहा टक्क्यांची आकलनशक्ती कमी झालेली आढळली. संशोधकांची अपेक्षा होती की ऑक्सिजन कमी पडणे आणि रक्तदाब उतरणे हीच याची कारणे निघतील. दोन्ही निघाली नाहीत. वय, शिक्षण, भुलेचा कालावधी, नंतरचा जंतुसंसर्ग, श्वसनाचे विकार, यांच्याशी मात्र संबंध दिसला. आजोबा ऑपरेशननंतर ‘पहिल्यासारखे राहिले नाहीत’ ही तक्रार आपण घरोघरी ऐकतो आणि ती खोटी नाही. पण जिच्या मुळाशी ऑक्सिजनची कमतरता आहे हेच सिद्ध झालेले नाही, त्या व्याधीवरचा उपाय म्हणून ऑक्सिजन मोजण्याची पट्टी विकणे मला पटत नाही.

दुसरी भीती भुलेत जाग येण्याची. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अशी तक्रार सुमारे १९,००० भुलांमागे एका रुग्णाने केल्याचे आढळले. सिझेरियनसाठी पूर्ण भूल दिलेल्या स्त्रियांत ती सुमारे ६७० मागे एक होती. ही भीती खरी आहे, परंतु प्रकाशाच्या यंत्राकडे तिचे उत्तर नाही. भूल चढली की मेंदूची ऑक्सिजनची गरज घटते, तरी रक्तप्रवाह, रक्तदाब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, हे सगळे त्याच आकड्यात मिसळलेले असते. त्यातून ‘हा माणूस गाढ झोपला आहे’ असे वाचता येत नाही. त्यासाठी मेंदूच्या विद्युत लहरी पाहणारी वेगळी यंत्रे आहेत आणि त्यांचे वाद वेगळे आहेत. ‘ब्रेन मॉनिटर’ या एका नावाखाली दोन्ही यंत्रे एकाच दमात खपवली जातात, म्हणून हा उल्लेख करावा लागला.

माझ्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा अजून मांडायचा आहे, आणि तो माझ्याच तरुण सहकाऱ्यांनी मला अनेकदा ऐकवला आहे. पल्स ऑक्सिमीटरने तरी कुठे जीव वाचतात असे सिद्ध झाले? डेन्मार्कमध्ये २०,८०२ रुग्णांवर झालेली, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रचंड चाचणी हेच सांगते की, ऑक्सिमीटर लावलेल्या गटात ऑक्सिजन घसरल्याचे एकोणीस पट अधिक वेळा लक्षात आले, पण शस्त्रक्रियेनंतरच्या एकूण गुंतागुंती काही कमी झाल्या नाहीत. तरीही आज पल्स ऑक्सिमीटरशिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरला आपण बेजबाबदार म्हणू, आणि ते बरोबरच आहे. मग मेंदूच्या ऑक्सिमीटरलाच पुराव्याची अट का?

याचे माझे उत्तर अनुभवातून आले आहे. मी शिकाऊ असताना आमच्या रुग्णालयात सगळ्या टेबलांना मिळून एकच पल्स ऑक्सिमीटर होता आणि तो बहुधा प्राध्यापकांच्या टेबलावर असे. आम्ही नखांचा आणि जखमेतल्या रक्ताचा रंग पाहत असू, दिवा पिवळा असेल तर रुग्णाचा हात खिडकीकडे वळवून. रंग निळा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असे. ऑक्सिमीटर आला आणि श्वासनलिकेतली नळी सरकली, मशीनची नळी निसटली, सिलिंडर संपला, हे नाडीचा सूर खाली येताच पाठमोऱ्या माणसालाही कळू लागले. इथे आकड्यामागे मोजकी कारणे असतात, प्रत्येक कारणाला ठरलेला उपाय असतो, उपाय चालला की नाही ते मिनिटभरात दिसते आणि शंका आली तर रक्त काढून पडताळता येते. मेंदूचा आकडा घसरला तर कारणांची यादी अशी: मान वळून शिरा दबली, रक्तदाब कमी, श्वासातला कार्बन डायऑक्साइड कमी, रक्त कमी, हृदयाची गती कमी, भूल हलकी, ताप, कातडीचे रक्त कमी, पट्टी सैल. यातल्या बहुतेक गोष्टी दाखवणारी साधने आधीच टेबलावर असतात. यंत्राने सांगितलेली बातमी ती साधने आधी सांगत असतील, तर यंत्राचा लाभ उरतो तो इतर साधने गप्प असताना हे एकटेच बोलते त्या प्रसंगांत. असे प्रसंग आहेत, त्यांच्याकडे मी येतोच. पण पोटाच्या, हाडांच्या, नेहमीच्या शस्त्रक्रियांत ते विरळा.

एका आकड्यावर किंवा एकाच खुणेवर सगळा भरवसा टाकण्याचा इतिहास आपल्या शेजारीच घडला आहे. आजचा मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्या निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी हे शल्यचिकित्सक क्लोरोफॉर्मचे कट्टर पुरस्कर्ते होते. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने. श्वासाकडे नीट लक्ष ठेवले तर हृदयाला काही होत नाही, नाडी पाहण्याची गरजच नाही, असे त्यांचे मत. १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. टीका झाली तेव्हा निजामाने पैसे दिले आणि १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना दुसऱ्या आयोगासाठी पाठवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की लॉरी यांचे म्हणणे खरे. प्रयोग मन लावून केले होते, खर्च भरपूर होता, लंडनचा शिक्काही होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक थरथरून थांबू शकते, श्वास चालू असतानाच. लॉरी यांच्या पद्धतीने काही रुग्ण वाचलेही असतील, कारण ते श्वासाकडे खरोखर डोळ्यांत तेल घालून पाहत. पण ‘एवढे पाहिले की पुरे’ हा त्यांचा आग्रह चुकीचा होता. नाडीकडे पाहूच नका असे शिष्यांना शिकवणारा तो अत्यंत निष्ठावान गुरू होता, आणि मला त्याची आठवण दर नव्या मॉनिटरच्या प्रात्यक्षिकाला येते.

आता हे एकटेच बोलते ते प्रसंग. महाधमनीच्या कमानीवर शस्त्रक्रिया करताना शरीराचे अभिसरण पूर्ण थांबवावे लागते आणि उजव्या बाजूच्या एका धमनीतून फक्त मेंदूला रक्त पुरवले जाते. डाव्या मेंदूला ते पोहोचते की नाही, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळावर अवलंबून असते आणि ते वर्तुळ अनेकांत अपुरे असते. त्या वेळी नाडी नसते, रक्तदाब एका बाजूचाच दिसतो, रुग्ण थंडगार आणि गाढ भुलेत. डावा आकडा उतरू लागला, उजवा स्थिर राहिला, तर शल्यचिकित्सकाने डावीकडेही नळी घालायची, हा निर्णय दुसरे कुठलेच साधन इतक्या लवकर देत नाही. इथे खरा आकडा किती याला महत्त्वच नाही. दोन बाजूंतला फरक आणि त्याची दिशा पुरेशी आहे. मानेतली धमनी साफ करण्यासाठी ती चिमट्याने बंद करतात तेव्हाही हेच. त्या शस्त्रक्रियेत रुग्णाला जागे ठेवून मान बधिर करण्याचा पर्याय असतो आणि बोलता-बोलता रुग्णाची जीभ अडखळली तर त्याहून चांगला मॉनिटर नाही. पण पूर्ण भूल दिली असेल तर पट्टी हवी. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांनाही मी या यादीत घालेन.

खांद्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला आरामखुर्चीत बसवल्यासारखे ठेवतात, ते उदाहरण मुद्दाम वेगळे घेतो, कारण तिथे यंत्राने शिकवलेला धडा यंत्राशिवायही वापरता येतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात बसवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांत मेंदूचा आकडा लक्षणीय घसरला; कुशीवर झोपवलेल्यांपैकी एकातही नाही. या स्थितीत शस्त्रक्रियेनंतर मेंदूला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे त्याआधीच नोंदली गेली होती. कारण विहिरीच्या पाण्याइतके साधे आहे. रक्तदाब मोजतो दंडावर, मेंदू त्याच्या वीस सेंटिमीटर वर असतो आणि तेवढे वर चढताना रक्ताचा दाब सुमारे १५ मिलिमीटरने घटतो. दंडावर सरासरी ६५ दिसत असताना मेंदूला ५० मिळतात. रक्तदाबाचा पट्टा पिंडरीला बांधला असेल तर फसगत याहून कितीतरी मोठी. ही वजाबाकी पाटीवर करता येते. जिल्ह्याच्या गावातल्या ज्या अस्थिरुग्णालयात मेंदूचा ऑक्सिमीटर कधीच येणार नाही, तिथेही ती उद्यापासून करता येईल, आणि अजून सगळीकडे केली जात नाही हे मी पाहिले आहे.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या ७७ हजारांहून अधिक शस्त्रक्रियागृहांत, म्हणजे जवळजवळ पाचातल्या एकात, साधा पल्स ऑक्सिमीटर नव्हता. त्या अभ्यासाशी आणि त्यातून २०११ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘लाइफबॉक्स’ या संस्थेशी अतुल गावंडे यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. त्या संस्थेने नवे, चमकदार काही शोधले नाही. स्वस्त, टिकाऊ ऑक्सिमीटर आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण, एवढेच ती देत राहिली. महाराष्ट्रातल्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी प्राधान्यक्रम लावायचा झाला तर माझा क्रम असा असेल: आधी पूर्णवेळ भूलतज्ज्ञ, कारण आज ठरलेल्या वारी बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञावर अनेक शस्त्रक्रियागृहे चालतात; मग प्रत्येक टेबलाला श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ, जो नळी श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत हे काही श्वासांत सांगतो; मग शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ठेवण्याच्या खोलीत एक परिचारिका आणि एक चालू अवस्थेतला ऑक्सिमीटर, कारण टेबलावरून खाली आलेल्या रुग्णाकडे लक्ष देणारे तिथे अनेकदा कोणी नसते. मेंदूचा ऑक्सिमीटर या यादीत यावा तो हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या मोजक्या शासकीय संस्थांसाठी, आणि तिथे मात्र टाळाटाळ नको.

त्याचा खर्च यंत्रापेक्षा पट्ट्यांचा आहे. पट्टी एका रुग्णापुरती. जोडीला हजारो रुपये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेमागे ठराविक रक्कम मिळते आणि तिच्यात हा खर्च ओढूनताणून बसवावा लागतो. मग एकतर पट्टी लावली जात नाही, किंवा वापरलेली पट्टी स्पिरिटने पुसून पुन्हा चिकटवली जाते. सैल चिकटलेल्या पट्टीच्या कडेतून शस्त्रक्रियागृहाचा दिवा आत शिरतो आणि आकडा बिघडतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी यंत्र घेतले तोच हाताने खराब करायचा. कमानीच्या शस्त्रक्रिया आणि बालहृदयशस्त्रक्रिया यांच्यासाठी योजनेत पट्टीची रक्कम स्वतंत्र धरली, तर हा चोरटा काटकसरीपणा थांबेल, आणि अशा शस्त्रक्रियांची संख्या पाहता तिजोरीवर त्याचा फार मोठा भार पडणार नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पल्स ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. तो निर्णय साथीच्या घाईत झाला, पण एका रुग्णापुरत्या वापराच्या सेन्सरांना असे बंधन कधी लागणार, हे विचारायला साथीची वाट पाहण्याची गरज नाही.

शासकीय खरेदीच्या निविदेत आणखी एक अट हवी. गडद त्वचेच्या माणसांवर या यंत्राची अचूकता किती, कावीळ आणि रक्तक्षय असताना किती, हे पुरवठादाराने आकड्यांत लिहून द्यावे. रक्तक्षय तर आपल्याकडच्या स्त्रियांत घरोघरी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये पल्स ऑक्सिमीटरच्या चाचण्यांत त्वचेच्या विविध छटांचे लोक पुरेशा संख्येने असावेत असा मसुदा काढला, तो तिथल्या काळ्या रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या डॉक्टरांनी सतत पाठपुरावा केल्यानंतर. आपल्या देशातले बहुतेक रुग्ण ज्या वर्णाचे आहेत त्या वर्णावर यंत्र तपासून मागायला आपल्याला अमेरिकेच्या मसुद्याची गरज पडू नये. हे काम आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून होऊ शकते. दरवर्षी दोन औषधांची तुलना करणारे तेच ते प्रबंध आम्ही शेकड्यांनी लिहून घेतो, त्यातले काही गोंदलेल्या कपाळांवर लिहिले गेले तर बिघडणार नाही.

माझ्या स्नेह्यांना मी पट्टीला नाही म्हणू नका असे सांगितले. त्यांचे वय बहात्तर, मानेतल्या एका धमनीत अडथळा असल्याचे सोनोग्राफीत दिसलेले, आणि बायपासमध्ये हृदय-फुप्फुस यंत्रावर दीडेक तास जाणार होता. पट्टीला काही सांगण्याजोगे असण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत होती. स्मरणशक्तीची हमी मात्र त्यातून वगळून घ्या, असेही सांगितले. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला येतील तेव्हा त्यांना दोन गोष्टी विचारा असे मी सुचवले: भुलेपूर्वी, जागेपणी, तुमचा स्वतःचा आकडा नोंदवून ठेवणार आहात का, आणि तो उतरला तर सर्वांत आधी काय पाहणार. त्यांनी ते अंदाजपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले. पुढे फोनवर त्यांनी कळवले की, पहिल्या प्रश्नाला लगेच होकार मिळाला, आणि दुसऱ्यावर भूलतज्ज्ञ बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “आधी तुमची मान सरळ आहे का ते.”